प्रश्नानंतरची शांतता

लातूरला शिकवायला आल्यावर पहिले पाच दिवस रुद्राणीने वर्गात एकही प्रश्न विचारला नाही.

त्याआधी सहा वर्षं ती नांदेडच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. भिंगं पुसायची, तारा जोडून ठेवायची, सर मागतील ते हातात द्यायची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पण फळ्यासमोर उभं राहायची वेळ आली की काहीतरी कारण काढून बाजूला व्हायची. शेवटी हणमंतरावमामांनीच विषय काढला. लातुरात क्लासेसचं पेव फुटलंय, ईश्वरप्पा सर ओळखीचे आहेत, एकदा जाऊन तर बघ, म्हणाले. मामांनीच तिला नायगावात लहानाचं मोठं केलं होतं. भूकंपात घर गेलं तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि घरातली ती एकटीच उरली होती.

वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता. डोक्यावरच्या स्लॅबची तिला भीती वाटेल, असं मामींना वाटत होतं. स्लॅबचं तिला काही वाटलं नाही. तिची भीती वेगळीच होती आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती.

त्या पहाटे दगडमातीच्या ढिगाखाली ती आणि धाकटी बहीण आरती जवळजवळच अडकल्या होत्या. मध्ये पडलेली भिंत, दिसत काहीच नव्हतं. रुद्राणी विचारायची, आरते, हायस का? पलीकडून उत्तर यायचं, हाय. मग आरतीला बोलता येईना, तेव्हा ती काहीतरी घेऊन ठोकायला लागली. एक प्रश्न, दोन ठोके. किती वेळ चाललं कोण जाणे. एकदा विचारलं आणि ठोके आलेच नाहीत.

तेव्हापासून प्रश्न विचारून वाट बघणं तिला जमत नसे. चहा घेणार का असं विचारून उत्तर यायच्या आत ती कप पुढे ठेवायची. इथे तर समोर दीडशे मुलं. ती एकदम गप्प झाली की त्या गप्पपणाच्या तळातून ठोके यायचे. कधी मागच्या बाकाकडून, कधी फळ्याच्या आतून. म्हणून ती थांबतच नव्हती. घंटा होईपर्यंत बोलायची, लिहायची, पुसायची, पुन्हा बोलायची.

शनिवारी ईश्वरप्पा सरांनी तिला बोलावून घेतलं. विषय तुमचा पक्का आहे मॅडम, म्हणाले, पण पोरांना विचारावं लागतं, त्यांच्यासाठी थांबावं लागतं. सोमवारी मी दाराशी उभा राहून ऐकतो, मग ठरवू.

रविवारी सकाळी पिशवी भरून ती बसस्टँडवर गेली. नांदेडच्या गाडीला तास होता. समोर लातूरजवळच्याच मुरुडची गाडी लागलेली होती. तिला ढिगाऱ्यातून काढणारा गवंडी मुरुडचा, निजामोद्दीन नावाचा, हे मामांनी कधीतरी सांगितलं होतं. भेटायला जायचं धाडस तिला अठरा वर्षांत झालं नव्हतं. आता परत जायचंच आहे, तर एकदा विचारून तरी जावं, असं मनात आलं आणि ती त्या गाडीत चढली.

निजामोद्दीनचाचा थकले होते. त्यांच्या बायकोने, हाजराबींनी, पाणी दिलं. रुद्राणीने गावाचं नाव सांगितलं तसे ते तिच्याकडे बघतच राहिले. मी कशी सापडले, तिने विचारलं.

"सगळीकडं रडारड, गाड्यांची घरघर. काय ऐकू येनार?" चाचा म्हणाले. "मंग आमी इंजिनं बंद करायला लावायचो. एकानं वाकून हाळी मारायची, कोन हाय का? अन् सगळ्यांनी गप व्हायचं. बायाबी रडनं थांबवायच्या. शंभर मानूस दम रोखून हुभं. तवा तुझा आवाज आला, बेटा. लई वरडत होतीस तू."

"आणखी काही ऐकू आलं?"

चाचा बोलेनात. रुद्राणीच्या ओठांवर दुसरा प्रश्न आला होता. तो तिने गिळला आणि ती बसून राहिली.

"आलं," ते शेवटी म्हणाले. "ठक ठक. पल्याडून. तू जवळ होतीस, तुला आधी काढलं. तवर ते थांबलं. मी पुन्हा हाळी मारली. लई वेळ बसलो मी थितं. आजबी विटेवर थापी वाजली की माझा हात थांबतोय."

म्हणजे आरती उत्तर देत होती. रुद्राणीच्या स्वतःच्याच ओरडण्यात ते उत्तर बुडालं होतं. रुद्राणी तिथेच, परक्याच्या ओसरीवर, पोटभर रडली. हाजराबी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. संध्याकाळी ती लातूरला परतली, पण नांदेडची गाडी तिने धरली नाही.

सोमवारी वर्गात तिने विचारलं, लिफ्ट वाढत्या वेगाने खाली सुटली, तर आतल्या काट्यावर आपलं वजन किती दिसेल? आणि खडू खाली ठेवला.

सगळे गप्प. दाराशी ईश्वरप्पा सर. मागच्या भिंतीतून दोन ठोके आले. तिने टेबलाची कड घट्ट धरली, पण तोंड उघडलं नाही. किती वेळ गेला, तिला कळलं नाही. मग तिसऱ्या बाकावरची पंचशीला, धर्माबादहून आलेली, अर्धवट उठली आणि म्हणाली, "वाढंल, मॅडम."

उत्तर चुकलं होतं.

"का वाढेल?" रुद्राणीने विचारलं आणि पुन्हा वाट बघितली.

तास संपल्यावर सर एवढंच म्हणाले की उद्यापासून दुसरी बॅचही तुम्हीच घ्या. जिना उतरताना ती मधल्या पायरीवरच बसली. तिथूनच तिने मामांना फोन केला.

"भीती गेली का गं?" मामांनी विचारलं.

"न्हाई गेली, मामा. ऐकू येतंयच. पण मी राहते इथं."

मामांना ते नीटसं कळलं नाही. बरं बरं म्हणाले, आणि खोलीवर पाणी किती दिवसांनी येतं ते विचारू लागले.