निळ्या रेषेच्या बाहेर

मी एक बोरू बोलतोय. बोरू ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाणथळ जागी उगवणारी एक पोकळ काडी, टोकाला तिरकी छाटलेली, शाईत बुडवून लिहायची. छापखान्याच्या गल्लीत विकला गेलो तेव्हा मी चांगला वीतभर होतो. आता अंगठ्याएवढासुद्धा नाही. बाकीचा मी कुठं गेलो म्हणाल, तर एकतीस उर्दू कादंबऱ्यांत गेलो. टोक बोथट झालं की सुरीनं छाटायचं, पुन्हा लिहायचं, असं करत एकेका कादंबरीला गव्हाच्या दाण्याएवढा झिजलो. आणि खरं सांगू का, त्यातल्या एकोणतीस तरी त्या दाण्याच्या लायकीच्या नव्हत्या.

तुम्ही नाक मुरडाल. एवढीशी काडी आणि साहित्यावर बोलते! पण माझ्याइतक्या सावकाशीनं कादंबरी वाचलीय कुणी? तुम्ही कंटाळा आला की दहा पानं उडवता, शेवट आधीच बघून घेता आणि वर म्हणता, छान होती. मला एक अक्षर चुकवायची सोय नव्हती. नायिकेच्या पापणीवर थरथरणारा अश्रू मला टिंबासकट काढावा लागला, एकाच पुस्तकात सव्वाशे वेळा.

माझा धनी कातिब. लेखकाचं गिचमिड हस्तलिखित डावीकडे ठेवायचं आणि ते सुबक अक्षरात पातळ कागदावर उतरवायचं, हे त्याचं काम. त्या कागदावरून प्लेट होते आणि प्लेटवरून पुस्तक छापलं जातं. वय पंचावन्न. उजवा गुडघा उभा करून त्यावर फळी टेकवायची त्याची सवय, त्यामुळे तो गुडघा कायमचा कामातून गेलेला. बैठक खिडकीखाली. हाताशी दौत, दौतीत रेशमी दोऱ्यांचा बोळा, मी हावरटासारखा जास्त शाई पिऊ नये म्हणून.

बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. घरात तो आणि त्याची लेक. लेक सकाळच्या शाळेत शिकवायची आणि दुपारी येऊन वाळलेली पानं हस्तलिखिताशी ताडून बघायची. चूक दिसली की पानाच्या कोपऱ्याला दुमड घालायची. मग बाप ते पान पुन्हा लिहायचा. तिच्या नजरेतून टिंब सुटत नसे, असा तिचा लौकिक होता.

कातिबाच्या धंद्याचा नियम एकच. समोर आहे ते उतरवायचं, टिंब जास्त नाही, टिंब कमी नाही. माझ्या कातिबानं तो कसोशीनं पाळला. फक्त एक पळवाट ठेवली. प्रत्येक कागदावर निळ्या पेन्सिलीनं चौकट आखलेली असते. चौकटीच्या आतलं छापलं जातं आणि बाहेरचं प्लेटवाला पट्टी लावून झाकून टाकतो. पान संपलं की माझ्या टोकात थेंबभर शाई उरते. दुसरे कातिब ती फडक्याला पुसतात. माझा कातिब त्या थेंबानं निळ्या रेषेच्या बाहेर, समासात, आपला शेरा लिहायचा. थेंब एवढासा म्हणून शेराही एवढासा.

ऐतिहासिक कादंबरी होती एक, पाचशे पानांची. सेनापती जो घोड्यावर बसला तो उतरेचना. दर पानावर तलवार, दर पानावर भाषण. कातिबानं समासात लिहिलं, 'हा घोडा सतराव्या पानापासून दौडतोय. त्याला पाणी कोण दाखवणार?' रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर लिहिलं, 'खून मामानं केला. हेराला कळायला अजून दोनशे पानं आहेत, तोवर आपण दम धरू.' आणि खून मामानंच केला होता.

हे झालं लोकप्रिय लिखाण. पण जे लेखक लोकप्रिय होणं कमीपणाचं मानतात, त्यांचीही काही फार ऐट नको. असल्या एका विद्वानाची कादंबरी आम्ही उतरवली. कथेत एक माणूस अंधाऱ्या खोलीत बसलेला. का बसलाय ते माणसाला ठाऊक नाही, खोलीला नाही आणि लेखकालाही नसावं. 'याला आधी डॉक्टरकडे न्या,' असा शेरा पडला. त्याच कादंबरीत माझ्या धन्याकडून दोन पानांची अदलाबदल झाली. लेकीनं पकडली. पण लेखकाला दाखवली तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "राहू द्या अशीच. अशी जास्त खोल वाटतेय."

मात्र आमच्या छापखान्याची खरी दुभती गाय म्हणजे अश्रूसाहेब. हे नाव कातिबानं ठेवलं आणि सगळ्या छापखान्यात चिकटलं. माणूस गोलमटोल, आनंदी, खाऊनपिऊन सुखी. खिशात इस्त्रीचा रुमाल, तो कधी डोळ्याला लागलेला मी पाहिला नाही. पण दर तीन महिन्यांनी कादंबरी पाडणार आणि तिच्यात सगळ्यांना ढसाढसा रडवणार. गरीब मुलगी, श्रीमंत घर, काड्या घालणारी आत्या, भलत्याच्या हाती पडलेलं पत्र. नायक-नायिका दोन मिनिटं समोरासमोर बसून बोलले असते तर सगळं मिटलं असतं. एका कादंबरीच्या नवव्या पानावर कातिबानं लिहिलंच, 'हे दोघं आत्ता बोलले तर मी जेवायला उठतो.' ते बोलले नाहीत. तीनशे बारा पानं बोलले नाहीत.

लेकीला मात्र अश्रूसाहेब आवडत. पानं ताडता ताडता ती पदरानं डोळे पुसायची.

"अब्बा, तुम्हाला सगळ्यातच खोट दिसते."

"मला नाही, माझ्या गुडघ्याला दिसते. बरं पुस्तक असलं की तो कमी दुखतो."

"खोटं आहे तर मला रडू का येतं?"

"कांदा चिरतानाही येतं."

एकदा ती चिडून म्हणाली, "मग तुम्ही एक पान लिहून दाखवा ना!" तो म्हणाला, "मी कातिब आहे, पोरी. लेखक नाही." आणि मला दौतीत असा दाबला की टोकच वाकायचं. मी बापाच्या बाजूचा, हे सांगायला नको. झिजत मी होतो, ती नव्हे.

एकतिसावी कादंबरीही अश्रूसाहेबांचीच. नायिका रुग्णालयात परिचारिका. कुणा दुसऱ्यासाठी आलेल्या पत्रावरून नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलेलं. बिचारीनं अकरा वर्षं रात्रपाळ्या करून मुलाला वाढवलं. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर नवरा खोकत खोकत दारात उभा राहतो आणि ही त्याच्या पायावर पडून म्हणते, 'मला माफ करा.' तिथं प्रकरण संपलं. चौकटीत खाली पाच ओळींची जागा मोकळीच राहिली.

कातिबानं गुडघा चोळला. मग माझ्या टोकातल्या थेंबानं त्यानं लिहिलं, 'माफी हिनं का मागावी? हिचं काय चुकलं?'

हे त्यानं निळ्या रेषेच्या आत लिहिलं. रागाच्या भरात त्याचं लक्ष नव्हतं. माझं होतं, पण मला विचारतो कोण!

पुस्तक छापून बाजारात गेलं. महिन्याभरानं छापखान्याच्या मालकांचं तातडीचं बोलावणं आलं. कातिबाची पाचावर धारण बसली. मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात होतो, त्याच्या छातीचे ठोके मला मोजता येत होते. मालकांच्या खोलीत अश्रूसाहेब आधीच येऊन बसलेले, चेहरा लालबुंद. टेबलावर पत्रांचा ढीग. मालकांनी ते पान उघडून पुढ्यात ठेवलं.

"कातिबसाहेब, हे कुणी लिहिलं?"

"मी... म्हणजे... आत आलं. चूक झाली."

"बेचाळीस पत्रं आलीत. अडतीस या एका ओळीवर आहेत. हे ऐका." आणि त्यांनी एक पत्र वाचलं. कुणा बाईनं लिहिलं होतं, 'हा प्रश्न मला कुणीतरी विचारील म्हणून मी चौदा वर्षं थांबले. बाकीचं पुस्तक मैत्रिणीला दिलं, एवढं पान फाडून जवळ ठेवलंय.'

मग मालकांना हसू आवरेना. अश्रूसाहेबांनी ती ओळ दोन समारंभांत आपलीच म्हणून सांगून टाळ्या घेतल्या होत्या, हे मालकांनीच सांगून टाकलं.

अश्रूसाहेब उसळले. "शेरे मारायला काय लागतं हो? थेंबभर शाई! कोरं पान समोर घ्या आणि भरून दाखवा. मग कळेल कसं नाकी नऊ येतात ते."

मालक पक्का व्यवहारी माणूस. ते म्हणाले, "चालेल. कातिबसाहेब, एक महिना घ्या. तुमच्या स्वतःच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण आणा. मी छापतो, मुखपृष्ठावर नाव तुमचं. नाही जमलं, तर मात्र समासातली ही वटवट कायमची बंद. पुन्हा एक शेरा दिसला तर दुसरा कातिब बघीन."

घरी येताना माझा कातिब गुडघा विसरून चालत होता. आयुष्यभर ज्याचं नाव शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात छापलं गेलं, त्याचं नाव मुखपृष्ठावर! मलाही मोठेपण चढलं. आता दाखवू यांना, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कागद घेतला, निळी चौकट आखली, मला छाटलं, शाईत बुडवलं. आणि मान सवयीनं डावीकडे वळली. डावीकडे हस्तलिखित नव्हतं. शाई माझ्या टोकावर वाळली. असं आठ दिवस चाललं.

नवव्या दिवशी त्यानं सुरुवात केली. 'संध्याकाळ होती. ती खिडकीत उभी होती, आणि तिच्या पापणीवर...' मी हादरलो. पुढचा शब्द मला ठाऊक होता! त्याचा हात हलायच्या आधीच मी अश्रूच्या टिंबाकडे झुकलो होतो. मग आत्या आली. मग पत्र आलं, भलत्याच्याच हाती पडलं. हात असा पळत सुटला की तासाभरात तीन पानं भरली. अक्षर काय देखणं होतं! आणि मजकूर? एकतीस कादंबऱ्यांना नावं ठेवणाऱ्या माणसाची बत्तिसावी, ती तसलीच. मला त्याची लाज वाटली. त्याहून जास्त वाईट वाटलं.

त्यानं तिन्ही पानं वाचली. माझ्या टोकात थेंबभर शाई उरली होती. निळ्या रेषेच्या बाहेर त्यानं लिहिलं, 'हे मी कुठंतरी उतरवलंय.' मग मला धुतलं, पुसलं आणि पत्र्याच्या डबीत टाकून झाकण लावलं. वीस दिवस मी तिथं पडून होतो.

आज सकाळी डबी उघडली. उघडली लेकीनं. तिला आज शाळेची सुट्टी आणि उद्या महिना संपतोय. बाप खिडकीकडे पाठ करून बसला होता.

"अब्बा, उद्या मालकांना काय सांगणार?"

"सांगीन, जमलं नाही. समास कोरा ठेवतो म्हणून कबूल करीन. अश्रूसाहेब बरोबर बोलले."

"मी तुमची ती तीन पानं वाचली."

"मग? रडलीस का?"

"नाही. एक थेंब आला नाही. समासातली ओळ वाचली तेव्हा रडू आलं."

ती त्याच्यासमोर खाली बसली.

"एक सांगू? रागावू नका. ती एकशे सत्त्याऐंशीव्या पानावरची ओळ. तुम्हाला वाटलं, माझी नजर चुकली."

"तर काय! तू ताडलं होतंस ते पान."

"ताडलं होतं. ओळ आत आलेली दिसली होती. दुमड घालायला कोपरा धरला आणि सोडून दिला."

"तू? मुद्दाम? आणि माझं काम गेलं असतं तर?"

"गेलं असतं तर माझी शाळा होती. पण अख्ख्या पुस्तकात तेवढंच खरं होतं, अब्बा. मी रडते म्हणून मला काही कळत नाही, असं वाटतं का तुम्हाला?"

कातिबानं तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पुस्तकाबद्दल तिचं मत त्यानं विचारलंच नव्हतं. मी तरी कुठं मानलं होतं तिला! कांद्याची गोष्ट ऐकून मीही हसलो होतो. ते आता मागे घेतो.

"ही तीन पानं टाकून द्या," ती म्हणाली. "आणि समासातली ओळ आत घ्या. तिथून सुरू करा. आयुष्यभर काय काय उतरवलंत, काय गिळलंत, ते लिहा."

"आणि हा बोरू? हा बघ केवढासा उरलाय. चिमटीत धरवत नाही."

तिनं एका जुन्या पेनाची रिकामी नळी आणली, मला कागदाची पट्टी गुंडाळली आणि नळीत घट्ट बसवलं. मग सुरी बापाच्या हातात दिली. "एका कादंबरीपुरता आहे अजून," ती म्हणाली. बरोबर ओळखलं तिनं. गव्हाचा एकच दाणा उरलोय मी.

वाचकहो, माझी एक विनंती आहे. हे पुस्तक कधी तुमच्या हातात पडलं तर भीड धरू नका. समास मोकळा सोडायला सांगतो मी. जे वाटेल ते तिथं लिहा, कातिबाला झोंबलं तरी चालेल.

आता त्यानं मला छाटलंय. नवा कागद, नवी निळी चौकट. मी शाईत बुडलो, बाहेर आलो आणि रेषेच्या आत पहिली ओळ लिहिली गेली: 'हे मी कुठंतरी उतरवलंय.' त्यानं डावीकडे पाहिलं नाही. हात पुन्हा दौतीकडे गेला, परत आला आणि कागदाच्या वर क्षणभर थांबला. एकतीस कादंबऱ्यांत पुढचा शब्द मला आधीच ठाऊक असायचा. आत्ता मात्र, शपथेवर सांगतो, मला तो ठाऊक नाही.