मागे ठेवलेले तीस जण

सुभेदार रणजीत मानेला नव्वद जणांतून तीस नावं काढायची होती. पश्चिम सरहद्दीवर शत्रूच्या फौजा गोळा होत होत्या, आठवड्याभरात चढाई होणार असं जो तो म्हणत होता, आणि बंगळूरच्या छावणीतल्या त्याच्या इंजिनिअर कंपनीला निघण्याचा हुकूम आला होता. पण सगळ्यांना नाही.

"तिसरा हिस्सा इथंच राहील," कर्नलसाहेबांनी बजावलं होतं. "शहरावर काही पडलं, तेलाच्या टाक्यांजवळ न फुटलेला बॉम्ब सापडला, तर तो काढणारं कुणी हवं. उरलीसुरली माणसं नकोत. चांगली ठेव."

रणजीतने पहिलं नाव हवालदार आप्पाजीचं लिहिलं. बॉम्ब निकामी करण्यात त्याच्या हाताला तोड नव्हती.

यादी लागली आणि तासाभरात आप्पाजी समोर उभा राहिला. दोघंही बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतले. परेडवर हिंदी चाले, दोघंच असले की मराठी.

"अण्णा, सोळा वर्षं ह्याच कामासाठी काढली मी. माझ्या जागी कोण चाललाय?"

"नायक यशोवर्धन."

"पोरगा हुशार आहे. पण हात अजून बसला नाही त्याचा. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. ह्या शहरात कोटीच्या वर माणसं आहेत, आप्पाजी."

"इथवर कोण येतंय?"

आप्पाजीने सलाम ठोकला आणि तो वळून गेला.

साठ जण गेले. राहिलेले तीस आनेकलच्या रस्त्यावरच्या तेलाच्या टाक्यांभोवती तंबू ठोकून बसले. कारखान्याच्या बसमधून जाणारे कामगार आधी हात हलवायचे, मग तेही सवयीचं झालं. एका चहावाल्याने सहज विचारलं, "तुम्ही गेला नाहीत, सर?" त्या दिवशी तिथं कुणी दुसरा चहा घेतला नाही. आप्पाजी सगळं काम चोख करी आणि रणजीतशी कामापुरतंच बोले. टाक्यांवर काहीही पडलं नाही.

लढाईच्या बाराव्या दिवशी सकाळी निरोप आला. सरहद्दीजवळच्या एका गावात शाळेच्या आवारात पडलेला तोफगोळा काढताना स्फोट होऊन यशोवर्धन गेला होता. आणखी चार दिवसांनी लढाई थांबली.

दिवसकार्य झाल्यावर रणजीत आप्पाजीला घेऊन हेब्बाळला यशोवर्धनच्या घरी गेला. वडील विठोजी निवृत्त बसड्रायव्हर. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं. सून रम्या आतल्या दाराशी उभी होती.

"काका, कोण जाणार ते मी ठरवलं," रणजीत म्हणाला. "यशोवर्धनपेक्षा ह्याला हे काम जास्त येतं. ह्याला मी मागे ठेवलं."

विठोजींनी आप्पाजीकडे पाहिलं. "का ठेवलंत?"

"शहरासाठी."

"इथं काही झालं?"

"नाही."

"झालं असतं तर?" विठोजींनी विचारलं. हे रणजीतला होतं की स्वतःलाच, ते कळलं नाही.

"झालं नाही ना, मामंजी," रम्या दारातून म्हणाली. "मला तेवढंच समजतं." आणि ती आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही.

जिन्यावरून उतरताना आप्पाजी थांबला. "मी असतो तर तो गोळा निघाला असता. तुम्हाला टोचायला म्हणत नाही. खरं आहे म्हणून म्हणतोय."

"होय," रणजीत म्हणाला. "आणि उद्या पुन्हा तीच वेळ आली, तर तुलाच मागे ठेवावं लागेल मला."

आप्पाजीने खाली येऊन गेट उघडलं. मग म्हणाला, "तर मग मला सहा जण द्या. सहा महिने. दुसरं काही काम सांगू नका."

सोमवारी छावणीमागच्या मैदानात सहा जण रांगेत बसले. प्रत्येकासमोर दारू काढून टाकलेला एकेक जुना गोळा होता. रांगेच्या शेवटी रणजीत येऊन बसला, सातवा. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याची बोटं जाड झाली होती आणि बोल्टवर पाना नीट बसत नव्हता.

आप्पाजी त्याच्यामागे येऊन उभा राहिला. "हात हलतोय," तो म्हणाला. "काढा. पहिल्यापासून."

रणजीतने पाना काढला आणि पुन्हा लावला.