पालेभाजीचा रकाना

शिंप्याच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून तीन महिने झाले होते. गाठीचा एक तुकडा संशोधनासाठी ठेवला होता. आज त्याच संशोधनावर काम करणारी एक मुलगी घरी फॉर्म भरून घ्यायला आली होती. माणूस वर्षानुवर्षं काय खातो आणि गाठीतल्या जनुकांत कोणते बदल होतात, याचा काही संबंध लागतो का, ते त्यांना पाहायचं होतं.

"वीस वर्षांपूर्वीचं आठवून सांगा हं, आजोबा. पालेभाजी आठवड्यातून किती वेळा?"

"रोज!" शिंपी म्हणाला. "हिच्या हातची. डबा चाटूनपुसून साफ."

बायको खुर्चीच्या टोकावर बसली होती. गाठीचं कळल्यापासून एकच गोष्ट तिला कुरतडत होती. चाळीस वर्षं याच्या पोटात गेलं ते सगळं आपणच रांधलेलं. आणि आता हा गृहस्थ तिची लाज राखायला धडधडीत खोटं सांगत होता. दर रविवारी दुकानातली चिंध्यांची पिशवी तीच रिकामी करायची. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली भाजी असायची, सुकून कडक झालेली. तिने कधी विषय काढला नव्हता.

मुलीने 'रोज'वर खूण केली.

"खोड ते," बायको म्हणाली. "शून्य लिही."

"अगं, काहीतरीच काय!"

"चिंध्यांत कोण लपवायचं? उंदीर?"

शिंप्याचा चेहरा पडला. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"रिकामा डबा घेऊन इतक्या ऐटीत यायचात, काय बोलणार?" ती मुलीकडे वळली. "खरं सांग, बाई. माझ्यामुळे झालं का हे?"

मुलीने पेन खाली ठेवलं. "एका घरावरून ते सांगता येत नाही, आजी. मलाच नाही, कुणालाच नाही. हजारो फॉर्म आणि हजारो गाठी शेजारी ठेवल्या, तर काहीतरी दिसेल कदाचित. तेही फॉर्म खरे असले तर."

म्हणजे 'हो' नाही, तसंच 'नाही'ही नाही. बायकोने पेन उचलून मुलीच्या हातात दिलं.

"पुढचं विचार."

"भाजी उकडली की तिचं सत्त्व पाण्यात उतरतं. ते पाणी ठेवायचात की ओतून द्यायचात?"

"भाजी चांगलीच व्हायची," शिंपी घाईघाईने म्हणाला.

"तुम्ही खाल्लीत कधी?" बायको म्हणाली, आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून घेतली. "ओतून द्यायचे. वर सोडाही घालायचे, रंग राहावा म्हणून. लिही."