कुशच्या मनगटावरची चिठ्ठी

माझा कुश अमेरिकन फुटबॉल खेळायचा. लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, आणि रेड्यांसारखं एकमेकांवर आदळायचं. त्यात हा क्वार्टरबॅक. म्हणजे चेंडू कुणाकडे टाकायचा ते ठरवणारा, आणि म्हणून सगळ्यांनी मिळून आडवा पाडायचा तो हाच. आमच्या लंडनच्या पिनर भागातली मुलं अकाउंटंट होतात, हा नऊ वर्षं जर्मनीत पगारी खेळाडू होता. मनगटावर एक रुंद पट्टा बांधायचा, त्यात डावांची चिठ्ठी. मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. "कॉपी करतोस की रे," म्हणून चिडवायचे.

चौथ्यांदा डोक्याला मार लागला तेव्हा डॉक्टरांनी खेळ बंद केला. मग टीव्हीवाल्यांनी बोलावलं. सूट घालून हा मॅच समजावून सांगायला लागला आणि मी पिनरभर मिरवून घेतलं. म्हटलं, सुटलो एकदाचे, आता कुणी पाडणार नाही त्याला.

गेल्या रविवारी स्टुडिओत जाण्याआधी तो माझ्याकडे जेवायला आला. एकटाच. बाहीवर आमटी सांडली म्हणून पुसायला मी बाही वर केली, तर आत तोच पट्टा.

"अजून कॉपी?" म्हणत मी चिठ्ठी ओढली. वर खेळाडूंची नावं होती. त्याखाली इंग्रजीत: बायको वरदा. मुलगी आर्या, आज सहा वर्षांची. आई, पिनर, हिरवं दार.

मी चिठ्ठी पुन्हा वाचली.

"आई, नाव जातो," तो म्हणाला. "चेहरा दिसतो, पण नाव जातो."

"वरदाला माहितीये?"

"नाही. चॅनेलला कळलं तर जॉब जाईल. प्लीज, कोणाला सांगू नको."

जळ्ळा मेला तो खेळ. आणि मी काय केलं? पेढे वाटले. त्याच्या जागी माझं डोकं फुटलं असतं तर बरं, असं वाटलं मला.

आमटीनं आर्याचं नाव फिसकटलं होतं. कॉपी करणाऱ्या पोरांचे पेपर ज्या हातानं हिसकावले, त्याच हातानं मी नवी चिठ्ठी लिहिली. आर्याचं नाव मोठ्या अक्षरांत. पट्टा बांधून दिला आणि म्हटलं, "जा, उशीर होईल."

दुपारी वरदा आर्याला घेऊन आली. तिघी टीव्हीसमोर बसलो. मॅच संपल्यावर कुश कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, आज माझ्या मुलीचा वाढदिवस आहे. मग त्यानं मान खाली घातली, बाही जराशी सारली.

"हॅपी बर्थडे, आर्या."

"आजी, डॅडीने माझं नाव घेतला!" आर्या सोफ्यावर नाचायला लागली.

वरदा हसली. "लाजला बघा, आई. खाली बघत होता."

"हो गं," मी म्हटलं. "लहानपणापासून लाजाळूच आहे तो."