झिणझिण्या कुणाच्या बापाच्या?

"आली! आली! करंट आला!"

लुळा हात छातीशी धरून बाई किंचाळली आणि हॉलभर टाळ्या पडल्या. झिणझिणबाबांनी तांब्याची कांडी कपाळाला लावली. "मेलेली नस उठवली! डॉक्टर कापतात, आम्ही जागवतो. चला, पुढचा!"

पुढचा होता काचवाला. त्याला धाकट्या बहिणीने ओढत आणला होता.

पाच महिन्यांपूर्वी दुकानात मोठी काच निसटली होती. पडती काच धरायची नसते, हा त्या धंद्यातला पहिला धडा. तरी हात पुढे जातोच. दोघांचेही गेले. याची नस कोपराखाली तुटली, ती त्याच दिवशी शिवली गेली. बहिणीच्या मनगटावरची जखम एवढीशी, म्हणून दोन टाके घालून तिला घरी पाठवलं. अंगठा आणि दोन बोटं बधिरच राहिली, तेव्हा कुठे कळलं की आत नस तुटलेली आहे. ऑपरेशन उद्या होतं, आणि आज ती म्हणत होती, "दादा, बाबा म्हणतात सुरी लागली की नस कायमची मरते. मी नाही जायची."

"जखम कुठं? नस शिवली का? किती महिने झाले?" बाबांनी विचारलं.

"कोपराखाली. शिवली त्याच दिवशी. पाच महिने."

कांडी हातावर ठक्‌ठक् करत फिरली. मधोमध आल्यावर झिणझिण्या थेट बोटांत गेल्या. काचवाला दचकला. चेला ओरडला, "बोला, आली की नाही?"

"आली. घरी साबण लावतानाही येते."

कुणीतरी फिसकन हसलं. काचवाल्याने खिशातली काचेवर खुणा करायची पेन्सिल काढली, तिच्या मागच्या टोकाने तिथंच ठोकलं. "बघा, पुन्हा आली. आता या पेन्सिलीलाही हार घालायचा का?"

मग त्याने बाही वर केली. हातावर खुणांची रांगच होती. नस शिवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दर आठवड्याला ठोका, झिणझिणी कुठवर पोचली ते बघा. धुतली गेली की तो खूण पुन्हा गिरवायचा. मापाच्या माणसाची खोड.

"बाबा, तुम्ही इथे आलात पंधरा दिवसांपूर्वी. पहिला महिना सोडला तर ही नस चार महिने चालतेय. तेव्हा कोण जागवत होतं?"

"आमची इच्छा दुरूनही पोचते, बेटा."

"मग शेजारी बसलेल्या हिच्यापर्यंत का नाही पोचली?" त्याने बहिणीचा हात धरला आणि ठोकलं. "कुठं आली?"

"टाक्यावर."

"बाबांकडे पहिल्यांदा आलीस तेव्हा?"

"टाक्यावरच."

"आणि महिन्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी ठोकलं तेव्हा?"

ती आपल्या टाक्याकडे बघू लागली.

"अगं, नस तुटली की पुढचा तुकडा मरतो. शरीर तो मलबा साफ करतं, रिकामी वाट उरते. मूळ पेशी पाठीच्या कण्याकडे जिवंत असते. ती नवा कोंब सोडते, रोज साधारण मिलिमीटरभर. टोकं शिवलेली असतील तर कोंब त्या वाटेला लागतो. नसतील तर जागच्या जागी गुंता होऊन गाठ बनते. ती गाठ ठोकली की बोंबलते! हे महाराज आधी जखम विचारतात, मग शिवली का, मग महिने. शिवलेली असेल तर महिन्याला इंच मोजून ठोकायचं, नाहीतर थेट टाक्यावर. हिशेब डॉक्टरांचा, आरती यांची!"

"नास्तिक आहे! बाहेर काढा याला!" चेला धावला.

मघाशी किंचाळलेली बाई वाटेत उभी राहिली. "माझी नस शिवलेली नाही. चार वर्षं झाली, गावोगाव तुमच्यामागे येतेय. मला दर वेळी टाक्यावरच येते. बाबा, असं का?"

"तुझी श्रद्धा कमी पडली," बाबा म्हणाले.

हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी बहीण ऑपरेशनच्या टेबलावर गेली. मनगटात वाटाण्याएवढी गाठ निघाली. ती काढून पायातल्या नसेचा तुकडा मधे जोडला. वर्ष उलटल्यावर तिचा अंगठा वळायला लागला. मधलं बोट अजून अर्धवट बधिर आहे. पाच महिने उशीर झाला, तो कुणी भरून देत नाही.

ती बाईही डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी हात तपासला, तळव्यावरचे वाळलेले स्नायू दाबून पाहिले, आणि खरं ते सांगितलं: नस आता जोडली तरी ती पोचेल तिथं उठायला कुणी उरलेलं नाही.

तेव्हा वाचणाऱ्यांनो, बोट बधिर झालं तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवा. कांडीवाल्याला एवढंच विचारा, झिणझिणी पुढे सरकली का? त्या बाईची श्रद्धा कमी पडली नव्हती. चार वर्षं पुरेल एवढी होती. तीच तिला नडली.