मोठ्याने केलेली प्रार्थना

विद्यापीठातल्या पोरांमध्ये प्रभूची सेवा करायची म्हणजे आधी खुर्च्या मांडायच्या, हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. ते शाळेतली चांगली नोकरी सोडून या कामात पडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर भरलेली सभागृहं होती. हाती आली ती भूगोल विभागाची वर्गखोली, तीही फक्त बुधवारी संध्याकाळी. काका फळा पुसत, किटलीत पाणी तापत ठेवत, बिस्किटांचा पुडा फोडत आणि खुर्च्या गोलात मांडत. त्याही दरवेळी नको तेवढ्या.

"अहो, येणारी पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तुम्ही लग्नघर असल्यासारख्या खुर्च्या काय मांडता?" काकू म्हणायच्या.

"असू देत गं. कुणी आलंच चुकून, तर उभं नको राहायला."

चुकून कुणी येत नव्हतं. यायची ती ठरलेली मंडळी. संगीत शिकणाऱ्या दोघी जुळ्या बहिणी, एकीला हसू आलं की दुसरीलाही आवरायचं नाही. एक गिटारवाला. आणि एक लांबटांग्या मुलगा, जो दर बुधवारी आपल्या आजीच्या गुडघ्यासाठी प्रार्थना मागायचा. त्या गुडघ्यावर एवढ्या प्रार्थना झाल्या होत्या की एव्हाना आजीने धावत यायला हवं होतं, पण गुडघा काही बधत नव्हता.

आणि होती 'पण'. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, गिटारवाल्याची मामेबहीण. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'पासून सुरू व्हायचं, म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. "पण काका, देवाला सगळं आधीच ठाऊक असेल, तर त्याला सांगायचं कशाला?"

"अगं, त्याला कळावं म्हणून नाही सांगायचं. आपल्याला हलकं वाटावं म्हणून."

"पण मग मोठ्याने कशाला?"

काका खूश व्हायचे. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी भांडत होतं! बाकीची पोरं माना डोलावून बिस्किटं संपवायची. ही मात्र हॉस्टेलवर जाऊन बायबल वाचायची आणि पुढच्या बुधवारी नवा वाद घेऊन यायची. एकदा जाता जाता ती म्हणाली, "पण काका, मला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर?" त्या दिवशी काका घरी गेले ते जमिनीपासून दोन बोटं वरूनच. एवढ्या वर्षांच्या सेवेचं हे एकच फळ, आणि तेही अजून पिकायचं होतं.

मग एका दुपारी ती ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्यांची वाट बघत बसलेली दिसली. चेहरा पांढराफटक. वार्षिक परीक्षेच्या मुख्य पेपरला तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली होती आणि ती कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठून आली होती. विभागाने दया करून पुढच्या महिन्यात फेरपरीक्षा देऊ केली होती. अभ्यास झाला होता, ती पासही होणार होती. भीती होती ती बाबांची. टाइल्सचं दुकान चालवणारा तो माणूस पोरीला शिकायला पाठवताना म्हणाला होता, एकदा जरी घसरलीस तरी परत येऊन दुकानात बसायचं. आणि तो बोलल्यासारखं करणारा होता.

"फेरपरीक्षा झाली की मीच सांगेन घरी. तोवर कुणाला सांगणार नाही ना, काका?"

"देवाशिवाय कुणाला नाही," काका म्हणाले. आणि अगदी मनापासून म्हणाले.

आता त्या गोलाची रीत सांगायला हवी. आधी प्रत्येकाने आपला प्रार्थनेचा विषय सांगायचा, मग डोळे मिटून एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची. शेवटची पाळी काकांची. आणि काकांची प्रार्थना रंगायची. आवाज चढायचा, जुळ्या बहिणींचं हसू थांबायचं. काकांना ते आवडायचं, खोटं कशाला बोला!

त्या बुधवारी 'पण' गप्प होती. विषय विचारला तर नुसती मान हलवली. काकांना ते बघवेना. एवढं ओझं एकटीने वाहायचं? डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली आणि बोलता बोलता वाहवत गेले. "प्रभू, आमच्यातली एक लेक परीक्षेतून उठून आली आहे रे. घरच्या भीतीने तिची झोप उडाली आहे. पुढच्या महिन्यात तिला पुन्हा बसायचं आहे, तिचा हात धर, तिच्या बापाचं काळीज मऊ कर..."

नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायचं नाही एवढी काळजी काकांनी घेतली होती, बिचाऱ्यांनी. पण गोलात मुली तीन, त्यातल्या दोघी जुळ्या, आणि त्यांच्या परीक्षा अजून सुरूच व्हायच्या होत्या.

आमेन म्हणून डोळे उघडले तर 'पण'ची खुर्ची रिकामी. चहा तसाच. तिला भरून आलं असेल, असं काकांनी स्वतःला समजावलं आणि कप विसळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिटारवाला धापा टाकत आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काका, मी फक्त आईला सांगितलं हो. म्हटलं, तूही प्रार्थना कर. आईने तिच्या चर्चमधल्या बायकांना सांगितलं, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायला. आणि मग मामाला फोन केला. म्हणाली, दादा, पोरीवर रागावू नकोस, आम्ही सगळे तिच्यासाठी प्रार्थना करतोय."

"मग?"

"मामा हॉस्टेलवर आलाय. गाडी घेऊन."

काका धावले. धावायचं वय नव्हतं, तरी धावले. हॉस्टेलच्या दारात गाडीचं मागचं दार उघडं होतं, आत गादी कोंबलेली. बाप दोरी बांधत होता. काकांनी आपण कोण ते सांगितलं, फेरपरीक्षेचं सांगितलं, पोरगी हुशार आहे, नक्की पास होईल म्हणून हात जोडले.

बापाने दोरी आवळली. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"तुमच्या पोरांना कळलं. माझ्या बहिणीला कळलं. तिच्या चर्चमधल्या साऱ्या बायांना कळलं. मला शेवटी. ती माझ्याजवळ येऊन रडली असती, तर कदाचित मीही विरघळलो असतो, कुणी सांगावं? आता अख्खं गाव माझ्यासाठी गुडघे टेकून बसलंय. मी माघार घेतली तर म्हणतील, प्रार्थनेने दगड पाझरला. मला नाही दगड व्हायचं कुणाचा."

काकांनी जोडलेले हात खाली घेतले.

'पण' पुस्तकांचं खोकं घेऊन खाली आली. डोळे कोरडे होते, तेच जास्त लागलं.

"चुकलं माझं, पोरी," काका म्हणाले. "फार चुकलं."

ती थांबली. 'पण' म्हणेल, भांडेल, चार शब्द सुनावेल म्हणून काका वाट बघत राहिले. तिने मान हलवली आणि खोकं गाडीत ठेवलं. आणि काकांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "जाण्याआधी प्रार्थना करू या?"

तिने त्यांच्याकडे पाहिलं. "मनातल्या मनात करा, काका."

गाडी गेली. ती परत आली नाही. पुढच्या महिन्यात फेरपरीक्षाही तिच्याविना होऊन गेली. काकूंनी नेहमीप्रमाणे टोमणा मारायला तोंड उघडलं, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून मिटलं.

ती गेल्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी काकांनी नेमक्या लागतील तेवढ्याच खुर्च्या मांडल्या. पोरं आली, हेच नवल. गिटारवाला गिटार न घेता आला होता. काकांनी विषय विचारले.

"आजीचा गुडघा," लांबटांग्या म्हणाला.

जुळ्या बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. "आमच्या मावशीचाही दुखतोय. गुडघाच."

"माझा," गिटारवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "परवा खेळताना लागलं."

काकांना कळलं. आता या गोलात कुणी काही सांगणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटून आजीचा गुडघा, मावशीचा गुडघा, खेळताना लागलेला गुडघा, सगळे एकामागून एक प्रभूच्या हवाली केले. आवाज चढला नाही. पोरांनी आमेन म्हटलं आणि चहा न घेताच निघून गेली.

खोली रिकामी झाल्यावर काका एका खुर्चीत बसले. एकच विषय उरला होता, आणि तो कसा मांडायचा हे तीच सांगून गेली होती. त्यांनी ओठ घट्ट मिटले, डोळे मिटले. बराच वेळ झाला, तरी आत एक शब्द उमटेना. गोलासमोर उभा जन्म प्रार्थना केली होती त्यांनी. कुणी ऐकत नसताना देवाशी काय बोलायचं, हे त्यांना येतच नव्हतं. शेवटी ते उठले, किटलीतलं पाणी ओतून टाकलं आणि खुर्च्या उचलायला लागले.