झेंडी पूजेत बसली त्या दिवशी

मित्रांनो, माझ्या दाराला कुलूप दिसलं म्हणून लगेच पुढे जाऊ नका. मी एक म्हातारं स्टेशन आहे. बंद आहे, पण मुकं नाही.

इंदूरहून महूकडे जाताना चिंचखेडी लागते, ती मीच. होळकर सरकारच्या काळात मला बांधलं : काळ्या दगडांचा फलाट, पत्र्याचं छप्पर आणि एक खोली. मोठ्या स्टेशनांवर गाड्या आपणहून थांबत. माझ्याकडे लाल झेंडी दाखवली तरच. तिकीट देणारा, कंदील लावणारा, झेंडी दाखवणारा सगळं मिळून एकटा मालोजी. त्याचे आजोबा होळकरांच्या फौजेत होते, म्हणून झेंडीसुद्धा तो तलवारीसारखी धरायचा.

स्वातंत्र्यानंतर होळकरांचं संस्थान विलीन होऊन मध्यभारत राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची गोष्ट. खंडेनवमी होती. शिपायांच्या घरी त्या दिवशी शस्त्रं पूजतात. मालोजीकडे शस्त्रं कुठली? त्यानं माझ्या खोलीत पाटावर दोन्ही झेंड्या आणि कंदील मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. पूजेतली वस्तू त्या दिवशी उचलायची नाही, असा त्याच्या घरचा नेम. सणाच्या दिवशी कोण येतंय, असं म्हणून तो निवांत बसला.

तेवढ्यात गावातल्या द्वारकाबाई धापा टाकत आल्या. मागे ट्रंक घेऊन लेक इंदिरा. तिला खंडव्याच्या दवाखान्यात नर्सचं काम शिकायला जागा मिळाली होती. उद्या सकाळी हजर झाली नाही, तर जागा दुसरीला.

"मालोजीभाऊ, गाडी थांबवा."

मालोजीचं तोंड उतरलं. "ताई, झेंडी पूजेत बसलीय. उद्या जाऊ द्या ना. दसरा आहे, मुहूर्त एकदम बढिया."

"दवाखान्याला दसरा नसतो हो!" इंदिरा रडवेली झाली.

"मग मी हात हलवून थांबवतो."

"हात तर गावची पोरं रोज हलवतात," द्वारकाबाई म्हणाल्या. "ड्रायव्हर पण हात हलवेल नि जाईल निघून."

लांबून शिट्टी आली. माझा फलाट थरथरला, थोडा गाडीनं आणि बराचसा काळजीनं.

द्वारकाबाईंनी चपला काढल्या, मूठभर अक्षता झेंडीवर टाकल्या आणि पाट जरासा हलवला. "घ्या, झाली उत्तरपूजा. उचला आता."

"अशी मधेच?"

"गणपतीला दीड दिवसात निरोप देतो आपण. झेंडीला दीड तास पुष्कळ झाला. देवीला समजतं भाऊ, इंजिनाला नाही समजत!"

मालोजीनं नमस्कार केला नि झेंडी उचलून धावला. माळ काढायला वेळच कुठे होता! गाडी थांबली. ड्रायव्हर वाकून म्हणाला, "क्यों भिया, आज झेंडी की शादी है क्या?" इंदिरा रडता रडता हसत चढली. "वेळेवर जेवत जा गं!" आई ओरडली, आणि गाडी सुटली.

पुढे सडकेनं मोटारी सुरू झाल्या. माझी माणसं तिकडे वळली, मला कुलूप लागलं. कोणी बाकाच्या फळ्या नेल्या, कोणी भिंतीवर गोवऱ्या थापल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण इंदिरा नर्स झाली. माहेरी येताना आता तिला इंदूरला उतरून मोटारीनं मागे यावं लागतं. तिची गाडी माझ्यासमोरून न थांबता जाते, तेव्हा ती खिडकीतून शेजारणीला दाखवते, "ते बघा, आमचं स्टेशन!"

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग लावायला नाही जमलं तरी चालेल. फळी नेऊ नका, गोवऱ्या दुसरीकडे थापा, आणि जाता जाता कोणाला तरी बोट दाखवून 'आमचं' म्हणा. तेवढ्यावर मी अजून पुष्कळ वर्षं उभं राहीन.